लढाई दूरची, माणसं शेजारची : २००७ ची इराकमधली सैन्यवाढ आणि अमेरिकेतल्या राज्यांचे आमदार

पाणकणीस (मिनेसोटा)

परवा तळघरातली खोकी आवरताना २००७ सालचं कॅलेंडर सापडलं. फ्रिजवर लावायचं, किराणा दुकानात फुकट मिळालेलं. जानेवारी ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मंगळवार आणि गुरुवारच्या चौकटीत मी निळ्या पेनानं 'मुली' असं लिहिलंय. त्यापुढं सगळं कोरं. आणि मग काळ्या पेनानं पुन्हा सुरू झालेलं 'मुली', 'मुली', ते थेट जुलैपर्यंत.

त्या मुली शेजारच्या घरातल्या. एक सात वर्षांची, एक चार. आई हॉस्पिटलात संध्याकाळच्या पाळीला असायची, त्या दोन दिवशी त्या आमच्याकडे जेवायच्या. वरणभात तूप घालून खायला त्या आमच्याच घरी शिकल्या. त्यांचा बाप शाळेच्या पिवळ्या बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. महिन्यातून एक शनिवार-रविवार नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ फौजेच्या, कवायतीला जायचा. २००५ च्या शरद ऋतूत त्याला बोलावणं आलं. काही महिने मिसिसिपीत कॅम्प शेल्बीला सराव झाला, आणि मार्च २००६ मध्ये इराक. दक्षिणेला तल्लील नावाचा हवाई तळ आहे, प्राचीन उर शहराचा झिगुरात (पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ) त्याच्या शेजारीच आहे. शेजाऱ्याचं काम म्हणजे इंधन आणि अन्न वाहणाऱ्या ट्रकच्या तांड्यांची राखण. मार्च २००७ मध्ये तो परत येणार होता.

१० जानेवारी २००७ ला, आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले होते, राष्ट्राध्यक्ष बुश टीव्हीवर आले आणि इराकमध्ये आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवणार असं त्यांनी जाहीर केलं. पाच ब्रिगेड (एकेक काही हजार सैनिकांची) बगदादकडे, चार हजार मरीन सैनिक अन्बार प्रांतात. यालाच पुढं 'सर्ज' म्हणायला लागले. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये, लोकांनी मतपेटीतून युद्धाबद्दलची नाराजी दाखवली होती. काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं बुश यांच्या पक्षाच्या हातून गेली होती आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पायउतार झाले होते. डिसेंबरात इराकचा अभ्यास करणाऱ्या बेकर-हॅमिल्टन समितीनं अहवाल देऊन हळूहळू बाहेर पडायची वाट दाखवली होती. आणि जानेवारीत निर्णय आला तो उलट्या दिशेचा.

एवढी माणसं एकदम कुठून आणणार? त्याचं एक उत्तर असं की जे तिथं आहेत त्यांनाच थांबवायचं. मिनेसोटाच्या गार्डची ब्रिगेड, ३४व्या इन्फंट्री डिव्हिजनची पहिली, जिला इथं सगळे 'रेड बुल्स' म्हणतात, तिचा मुक्काम १२५ दिवसांनी वाढला. आमच्या राज्यातले सुमारे २६०० जण होते त्यात. शेजारणीला ही बातमी दुसऱ्या एका सैनिकाच्या बायकोनं फोन करून दिली, अधिकृत निरोप नंतर आला. ती तशीच आमच्या मागच्या दाराशी आली. बाहेर शून्याखाली कितीतरी, अंगात कोट नाही, पायांत घरातल्या सपाता. आत ये म्हटलं तरी आली नाही. "मोठीला मी मार्च सांगितलाय," एवढंच दोनदा म्हणाली.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या विधिमंडळांत या सैन्यवाढीविरुद्ध ठराव मांडले गेले. काही समितीतच राहिले, काही एका सभागृहात मंजूर झाले. व्हरमाँटच्या दोन्ही सभागृहांनी फेब्रुवारीत ठराव मंजूर केला आणि सैन्य परत आणा असंच सांगितलं. हे सगळे आमदार, म्हणजे रस्ते, शाळा, दवाखाने, मासेमारीचे परवाने बघणारी माणसं. त्यातले बरेच अर्धवेळ आमदार आणि एरवी शेतकरी, शिक्षक, विमा एजंट. तेव्हा टीव्हीवर एक वाक्य सारखं ऐकू यायचं की परराष्ट्र धोरण हे यांचं कामच नाही.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही ठाम वाटतं की ते त्यांचंच काम होतं. माणसं त्यांच्या मतदारसंघातून गेली होती. बस दुरुस्त करणारा मेकॅनिक नसला की बस बंद पडते ती त्यांच्या गावात. प्रेत येतं ते त्यांच्या गावच्या चर्चमध्ये. मी त्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा आमच्या राज्याच्या आमदाराच्या ऑफिसला फोन केला. तेव्हा मी इथली नागरिकही नव्हते. फोन घेणाऱ्या बाईंनी नाव-पत्ता लिहून घेतला, आणि माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? ज्या विषयावर आपल्याला कायद्यानं अधिकार नाही, त्यावर आपल्याच लोकांसाठी सभागृहात उभं राहून बोलावं का?

---

खडूफळा (पुणे)

ताई, लेख वाचून गलबलून आलं, पण मत पटलं नाही, म्हणून लिहितो. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि तह हे सगळं केंद्रसूचीत आहे. अमेरिकेतही युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला आणि सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. ही विभागणी उगीच केलेली नाही. पन्नास राज्यांनी पन्नास परराष्ट्र धोरणं चालवली तर देश म्हणून उभं राहणार कसं?

दुसरं, तुमचा शेजारी तिथं रस्त्यावर जीव मुठीत धरून उभा असताना त्याच्याच राज्याचं विधिमंडळ 'ही मोहीम चूक आहे' असा ठराव करतं, तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल?

आणि तिसरं. २००७ च्या अखेरीस इराकमधला हिंसाचार कमी झाला, हे विरोधकांनाही मान्य करावं लागलं. आमदारांचं ऐकलं असतं तर तो कमी झाला असता का?

---

गाववेस (पूर्वी व्हरमाँट, आता ठाणे)

व्हरमाँटचा उल्लेख वाचून राहवलं नाही. नवऱ्याच्या शिक्षणासाठी आम्ही तिथं तीन वर्षं होतो. तो ठराव आभाळातून पडला नव्हता, त्याची मुळं गावसभेत होती.

तिथं मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग असते. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडतात, मागच्या टेबलावर बायका-पुरुषांनी घरून आणलेली सूप, पाव, पाय असतात, आणि सगळं गाव बसून बर्फ ढकलायच्या गाडीला किती पैसे द्यायचे इथपासून चर्चा करतं. हात वर करून किंवा मोठ्यानं 'हो' म्हणून मतदान. आपल्या ग्रामसभेला कोरम जमवताना ग्रामसेवकाची होणारी दमछाक मी माहेरी पाहिली आहे, त्यामुळं मला ते बघून भरून यायचं.

मार्च २००५ मध्ये चाळीसहून जास्त गावांनी याच सभांमध्ये इराकबद्दलचा ठराव मंजूर केला. मुद्दा मुख्यतः गार्डचा होता, की आपली माणसं नेल्यानं राज्यावर काय परिणाम होतोय ते विधिमंडळानं तपासावं. आम्हाला मत नव्हतं, पण मागे उभं राहून ऐकायला कुणी अडवलं नाही. आमच्या गावात एक वयस्कर दुग्धव्यावसायिक उठला. म्हणाला, अग्निशमन दलात आम्ही बारा स्वयंसेवक होतो, त्यातले दोन गार्डमध्ये होते, ते गेले. आता माझ्या गोठ्याला आग लागली तर मी कुणाला हाक मारू? तो युद्धाच्या बाजूचा की विरुद्ध हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं हात मात्र ठरावाच्या बाजूनं वर केला.

जेमतेम सव्वासहा लाख वस्तीचं राज्य. लोकसंख्येच्या मानानं सगळ्यात जास्त मुलं गमावलेल्या राज्यांत त्याचं नाव होतं. तिथं मेलेला सैनिक कुणाचा तरी ओळखीचाच निघतो.

---

पाणकणीस (मिनेसोटा)

गाववेस, त्या शेतकऱ्याबद्दल लिहिलंत, खूप आभार.

खडूफळा सर, तुमच्या पहिल्या मुद्द्याबद्दल. नॅशनल गार्ड हे आपल्याकडच्या सैन्यासारखं नाही, हे मी आधीच नीट सांगायला हवं होतं. गार्ड एरवी राज्याचा. पूर आला, वादळ आलं, दंगल झाली तर गव्हर्नर, म्हणजे इथला निवडून आलेला राज्याचा प्रमुख, त्यांना बोलावतो. आपल्याकडे एसआरपी आणि एनडीआरएफ एकत्र केलं, आणि त्यात आपापले नोकरीधंदे करणारी माणसं भरली, तर जे होईल तसं काहीसं. केंद्रानं बोलावलं की मग ते राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली. २००५ मध्ये एक वेळ अशी होती की इराकमधल्या अमेरिकन सैनिकांत दहातले चार गार्ड किंवा राखीव दलातले होते.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला कॅटरीना वादळ आलं. लुइझियानाची २५६वी ब्रिगेड आणि मिसिसिपीची १५५वी ब्रिगेड तेव्हा कुठं होत्या? इराकमध्ये. म्हणजे न्यू ऑर्लिन्समध्ये माणसं छपरावर बसून हात हलवत होती, आणि त्यांना उतरवायला ज्यांनी यायचं ती मुलं बगदादजवळ तंबूतल्या टीव्हीवर आपलंच गाव बुडताना बघत होती.

आणि ४ मे २००७ च्या रात्री कॅन्सस राज्यातलं ग्रीन्सबर्ग. दीड हजार वस्तीचं गव्हाच्या शेतांतलं गाव. टॉर्नेडो वादळानं गावाचा पंचाण्णव टक्के भाग सपाट केला. गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी जाहीरपणे सांगितलं की गार्डचे ट्रक आणि अवजड सामान इराकला गेलेलं आहे, त्यामुळं ढिगारे उपसायला वेळ लागतोय. वॉशिंग्टननं ते नाकारलं, सामग्री पुरेशी आहे म्हणाले, दोन दिवस वाद चालला. तो वाद कुणीही जिंको. पण आपल्या राज्याचा बुलडोझर कुठं आहे हे विचारायचा अधिकार कॅन्ससच्या आमदाराला नाही, असं तुम्ही वर्गात शिकवाल का? मी खरंच विचारतेय.

---

कायद्याचं_पान (न्यू जर्सी)

इथं थोडा इतिहास, कारण यातला सगळ्यात मोठा खटला पाणकणीस यांच्या राज्यातलाच आहे.

१९८० च्या दशकात रेगन सरकार गार्डच्या तुकड्या सरावासाठी मध्य अमेरिकेत, होंडुरासला पाठवत होतं. शेजारी निकाराग्वात सरकारविरुद्धच्या बंडखोरांना अमेरिका मदत करतेय, ते सगळ्यांना माहीत होतं. काही गव्हर्नरांनी आपली माणसं पाठवायला नकार दिला. तेव्हाच्या कायद्यात अशा परदेशी सरावाला गव्हर्नरची संमती लागायची. १९८६ मध्ये काँग्रेसनं माँटगोमेरी दुरुस्ती करून तो अधिकार काढून घेतला. ठिकाण पसंत नाही, हेतू पसंत नाही, अशा कारणांवरून गव्हर्नरनं आता अडवायचं नाही. मिनेसोटाचे गव्हर्नर रुडी पर्पिच कोर्टात गेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. तेव्हापासून राज्यांच्या हातात कायद्याचं म्हणाल तर फारसं काही उरलं नाही. उरला तो फक्त आवाज. २००७ चे ठराव म्हणजे तो आवाज.

त्याआधीचं एक धाडस तर मला फार मोठं वाटतं. व्हिएतनामच्या वेळी, एप्रिल १९७० मध्ये, मॅसॅच्युसेट्सनं नुसता ठराव नाही तर कायदाच केला. काँग्रेसनं रीतसर जाहीर न केलेल्या युद्धात लढायला आमच्या राज्याच्या माणसावर सक्ती करता येणार नाही, आणि आमचा महाधिवक्ता त्याच्या वतीनं लढेल. गव्हर्नर सार्जंट रिपब्लिकन होते, राष्ट्राध्यक्ष निक्सनही रिपब्लिकन. तरी सही केली. राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रतिवादी संरक्षणमंत्री लेअर्ड. नोव्हेंबरात न्यायालयानं खटला ऐकायलाच नकार दिला. नऊपैकी तीन न्यायमूर्तींचं मत पडलं की ऐकायला हवा होता, आणि न्या. डग्लस यांनी त्यावर सविस्तर लिहिलं.

आणि खडूफळा सर, तुम्ही म्हणता युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा. बरोबर. पण काँग्रेसनं तो शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक यांतलं एकही युद्ध जाहीर झालेलं नाही. इराकसाठी ऑक्टोबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना बळ वापरायची परवानगी देणारा ठराव झाला, बस. ज्यांचं काम त्यांनी ते पुढं ढकललं, म्हणून खालच्या सभागृहांना बोलावं लागलं.

---

माणदेशी (सातारा)

हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहावं की नाही असं चाललं होतं.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धाची. या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती परत आली नाहीत, एवढे दोन आकडे. नाव एकाचंही नाही. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या गावोगाव सापडतील. लहानपणी आम्ही त्या पाटीला टेकून गोट्या खेळायचो.

माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्या आकड्यात आहेत. घरात त्यांच्याबद्दल 'बसऱ्याला गेले' एवढंच म्हणतात. मी नंतर वाचून वाचून शोधलं. इंग्रजांनी इराकात जी फौज उतरवली तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठ्यांच्या पलटणी. बगदादच्या वाटेवर मार खाऊन ते मागे सरले आणि तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा गावात अडकले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी धर्म जाईल म्हणून कितीतरी दिवस ते तोंडाला लावलं नाही. तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली, मग वाळवंटातून पायी कैदेत. आमचे हे थोरले पणजोबा त्यातलेच, की त्याआधीच गेले, ते माहीत नाही. त्यांच्या बायकोनं, आमच्या थोरल्या पणजीनं, म्हणे मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, कारण कागद आला नव्हता.

त्या वेळी मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ होतं. पण साताऱ्याच्या गावातून माणसं इराकला न्यायची की नाही, हे त्या गावाला विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून व्हरमाँटच्या त्या व्यायामशाळेत उभा राहिलेला गवळी मला फार मोठा वाटला.

दुसरी गोष्ट जवळची. माझे वडील १९८७ ला शांतिसेनेत श्रीलंकेत होते. जाफन्याहून आले तेव्हा मी पाच वर्षांचा. तिथं आपले सुमारे बाराशे जवान कामी आले. परमवीरचक्र मिळालेले मेजर परमेश्वरन ८ महार पलटणीचे, जन्म मुंबईचा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, ही फौज माझ्या तमिळ लोकांवर चालून गेली. वडिलांना ते आयुष्यभर लागलं. म्हणायचे, आम्हाला पाठवलं दिल्लीनं, पाठ फिरवली मद्रासनं.

म्हणून खडूफळा सरांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण खोटा म्हणता येत नाही. राज्यानं विरोध जरूर करावा. पण तो पाठवणाऱ्याला ऐकू गेला पाहिजे, परत आलेल्याच्या तोंडावर मारलेला नसावा.

---

गाववेस (पूर्वी व्हरमाँट, आता ठाणे)

माणदेशी दादा, पणजींचं वाचून थांबले. नमस्कार त्यांना.

---

आखातकर (रत्नागिरी)

पाणकणीस ताई, तुमचा शेजारी ज्या ट्रकची राखण करायचा, त्यातले काही आम्ही भरलेले असणार.

२००४ ते २००९ मी कुवेतला एका पुरवठादाराच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. पाण्याच्या बाटल्या, गोठवलेलं चिकन, कागदी ताटल्या, टॉयलेट पेपर. सगळं पॅलेटवर रचून, प्लास्टिक गुंडाळून पहाटे तीनला गाड्या उत्तरेकडे सोडायच्या. राखण करायला अमेरिकन, पण ट्रकच्या केबिनमध्ये कोण? पाकिस्तानी, फिलिपिनो, नेपाळी, आणि आपलेही. जुलै २००४ मध्ये तीन भारतीय ड्रायव्हरांना इराकात पळवून ओलीस धरलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटले. ऑगस्टमध्ये बारा नेपाळ्यांना मारलं. आपल्या सरकारनं इराकला जायला बंदी घातली, तरी पोटासाठी माणसं चोरून जात होती. एका पोरानं, आमच्याच तालुक्यातल्या, माझ्याकडे घरचा नंबर लिहून ठेवला होता, काही झालं तर कळवा म्हणून. सुखरूप आला तो. आता भाट्याला त्याची रिक्षा आहे.

२००७ च्या मार्चपासून आमची दहा तासांची पाळी बारा तासांची झाली. सैन्यवाढ म्हणजे आम्हाला एवढंच कळलं, की पॅलेट वाढले. आज कळतंय की त्याच वेळी त्यांच्या देशात आमदार उभे राहून नको म्हणत होते. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

खडूफळा सर, हिंसाचार कमी झाला तो का झाला, यावर आमच्या गोदामातला बगदादचा सहकारी एक गोष्ट सांगायचा. त्याची गल्ली मिश्र वस्तीची. २००६ च्या फेब्रुवारीत समाराच्या मशिदीत, शिया पंथाच्या पवित्र ठिकाणी, स्फोट झाला आणि त्यानंतर वर्षभरात गल्लीतली एका पंथाची सगळी घरं रिकामी झाली. म्हणायचा, आता शांत आहे, कारण हाकलायला कुणी उरलं नाही.

---

खडूफळा (पुणे)

आखातकर, ही बाजू मला माहीत नव्हती.

तरी न्यायानं दोन्ही लिहायला हवं. इराकमधल्या फौजेचे तेव्हाचे प्रमुख जनरल पेट्रेयस यांनी सैन्य मोठ्या तळांवरून काढून वस्त्यांमध्ये, लोकांच्या शेजारी बसवलं. त्याचा उपयोग झाला, असं मी वाचलेल्या बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. अन्बारमधल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाविरुद्ध उठल्या, ते २००६ मध्येच रमादीत सुरू झालं होतं. शिया लढवय्यांचे नेते मुक्तदा सद्र यांनी ऑगस्ट २००७ मध्ये युद्धबंदी पुकारली. आणि आखातकर म्हणतात तसं, वस्त्या आधीच तुटल्या होत्या. या चारांतलं कशाचं श्रेय किती, यावर अजून भांडण आहे. शिवाय २००७ हेच अमेरिकन सैन्याला इराकमध्ये सगळ्यात जास्त मृत्यूंचं वर्ष ठरलं, नऊशेच्या आसपास. शांतता आली ती त्यांचा जीव देऊन.

ठरावांबद्दल माझं मत मी थोडं बदलतो, पूर्ण नाही. माणदेशींनी सांगितलेली मर्यादा मला महत्त्वाची वाटते. आणि आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव केला, तेव्हा मी वर्गात मुलांना तो अभिमानानं वाचून दाखवला होता. निर्णय सर्वोच्च न्यायालय आणि केंद्राच्या हातात असूनही. काल रात्री ते आठवलं आणि म्हटलं, हे इथं प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे.

अजून एक नोंद. ८ एप्रिल २००३ ला आपल्या लोकसभेनं इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमतानं केला, अध्यक्षांच्या आसनावर मनोहर जोशी होते. त्या उन्हाळ्यात अमेरिका आपल्याकडे एक डिव्हिजन मागत होती. जुलैमध्ये वाजपेयी सरकारनं नाही म्हटलं. ती डिव्हिजन गेली असती, तर साताऱ्यातल्या किती घरांना पुन्हा बसरा शब्द ऐकावा लागला असता.

---

माणदेशी (सातारा)

सर, हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

---

कायद्याचं_पान (न्यू जर्सी)

२००७ च्या ठरावांचं पुढं काय झालं, तेही सांगतो. १६ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहानं सैन्यवाढीला नापसंती दाखवणारा ठराव २४६ विरुद्ध १८२ नं मंजूर केला. सतरा रिपब्लिकन बाजू सोडून आले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सेनेटमध्ये ५६ मतं पडली पण चर्चा पुढं न्यायला साठ हवी होती, तिथंच अडलं. १ मे रोजी बुश यांनी माघारीची मुदत घालणारं खर्चाचं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं माघारीचा प्रश्न थेट मतपत्रिकेवर ठेवायचं विधेयक मंजूर केलं, ते गव्हर्नर श्वार्झेनेगर यांनी सप्टेंबरात अडवलं. म्हणजे मोजमाप लावायचं तर हाती काही लागलं नाही. सैन्य वाढलंच, एक वेळ पावणेदोन लाखांजवळ गेलं.

पण धागा तुटला नाही. २०१५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या एका आमदारानं विधेयक आणलं, की काँग्रेसनं युद्ध जाहीर केल्याशिवाय आमच्या गार्डला परदेशी लढाईत पाठवता येणार नाही. तेव्हापासून ते राज्याराज्यांत फिरतंय. ॲरिझोनाच्या सेनेटमध्ये मंजूर झालं, न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात २०२४ च्या जानेवारीत अगदी थोड्या मतांनी मंजूर झालं, पुढं अडलं. आता ते पुढं रेटणारे बहुतेक रिपब्लिकन आहेत, त्यातले काही स्वतः इराक-अफगाणिस्तानात लढून आलेले. २००७ ला याच पक्षाचे लोक म्हणत होते की हे राज्यांचं काम नाही. मला यात पक्षाचं काही दिसत नाही. परत आलेली माणसं आमदार झाली, हे दिसतं.

---

पाणकणीस (मिनेसोटा)

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. माणदेशी, तुमच्या वडिलांचं वाक्य मी शेजारणीला भाषांतर करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

खडूफळा सरांनी विचारलं होतं, त्याच्या मनाचं काय होत असेल. मी काल त्यालाच विचारलं, अंगणात लोखंडी खुर्च्यांवर बसून. तो म्हणाला, तेव्हा मला ते ठराव आवडले नव्हते. तल्लीलला इंटरनेटवर वाचलं तेव्हा राग आला होता, आम्ही इथं आणि हे तिथं उबेत बसून बोलतायत. राग कधी गेला विचारलं तर म्हणाला, ऑक्टोबरात.

जुलै २००७ मध्ये ते परत आले. बोलावण्यापासून बावीस महिने, त्यातले सोळा इराकमध्ये. अमेरिकेच्या कुठल्याही तुकडीला त्या युद्धात सलग इतकं राहावं लागलं नव्हतं. ऑक्टोबरात बातमी फुटली की ब्रिगेडमधल्या हजाराहून जास्त जणांच्या हुकमावर सेवेचे दिवस ७२९ लिहिलेत. शिक्षणाचा मोठा भत्ता मिळायला तेव्हा ७३० लागायचे. एक दिवस कमी. त्याला डिझेल इंजिनाचा पुढचा कोर्स करायचा होता. त्यानं हुकमाचा कागद आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि फ्रिजवरच्या त्या कॅलेंडरवर बोट ठेवून माझ्यासमोर दिवस मोजले. माझ्या 'मुली', 'मुली'वरून बोट फिरवत.

काँग्रेसमधल्या मिनेसोटाच्या सगळ्या लोकप्रतिनिधींनी, दोन्ही पक्षांच्या, त्यावर आवाज उठवला आणि सैन्याला त्या फायली पुन्हा उघडाव्या लागल्या. त्याचीही दुरुस्त झाली. आमच्या गार्डनं आणखी एक गोष्ट केली. परत आलेल्यांना तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी कुटुंबासह बोलवायचं, झोप लागते का, नोकरी परत मिळाली का, पिणं वाढलंय का, हे विचारायचं. आधीची रीत अशी की आल्यावर तीन महिने कुणाला बोलवायचंच नाही. राज्यानं सुरू केलेला हा क्रम २००८ च्या सुरुवातीला काँग्रेसनं कायदा करून सगळ्या देशाला लागू केला. साठ दिवसांच्या बैठकीला मी मुलींना घेऊन बाहेरच्या हॉलमध्ये बसले होते. धाकटीनं चित्र काढलं होतं, चार माणसं आणि एक पिवळी बस. बसच्या खाली पालथी पडलेली दोन बुटांची टोकं होती. तिचे बाबा पुन्हा कामावर गेले होते, त्या महिन्यातच.